पदक मिळालं, सत्कार झाले. आता पाय जमिनीवर कसे ठेवू?

पेठ तालुक्यातल्या एका मुलाचा हा प्रश्न आहे. पाच हजार मीटरमध्ये त्याला राज्य पातळीवरचं पदक मिळालं आणि पाठोपाठ खेळाडूंच्या राखीव जागेवर पोलिसात निवड झाली. गावाने डीजे लावून मिरवणूक काढली, चौकात फ्लेक्स लागला, आणि तेव्हापासून एक दिवसाआड कुठे ना कुठे शाल-श्रीफळ चालू आहे. तो लिहितो, "मॅडम, आई म्हणते तू बदललास. ज्याच्याबरोबर मी इतकी वर्षं पळालो तो मित्र भरतीत मागे राहिला, आता फोन उचलत नाही. मला गर्व झालाय का? आणि ज्यांनी एवढं केलं त्यांचे उपकार कसे फेडू?"

लांब पल्ल्याची मुलं-मुली तयार करण्यात माझी हयात नाशिकच्या मैदानांवर गेली. पदक मिळेपर्यंतचा रस्ता मी त्यांना शिकवतेच, पण पदकानंतरचे सहा महिने जास्त अवघड असतात, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आईचं. प्रश्न पडला म्हणजे गर्व झालेला नाही, असं सांगून मी तुला मोकळं करणार नाही. आई तुला रोज बघते, मी नाही. तिचं म्हणणं आधी खरं धर आणि तिलाच विचार, नेमकं काय बदललं. बहुतेक उत्तर फार साधं निघतं. जेवताना फोन हातात असतो. ताट तिथेच टाकून उठतोस. बोलताना तिचं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. गर्व कधी मोठ्या गोष्टीत आधी दिसत नाही, तो असा घरातच दिसतो. बाहेर तू सगळ्यांच्या पाया पडतच असशील, त्याला फारसे कष्ट पडत नाहीत.

आता नम्रतेचं. सत्कारात तू काय बोलतोस याचा अंदाज मला आहे: "माझं यात काहीच नाही, सगळी आईवडिलांची पुण्याई आणि सरांचं मार्गदर्शन." टाळ्या पडतात. पण हे खरं आहे का? पहाटे अंधारात उठून तूच पळालास. नडगी ठणकत असताना बर्फ लावून दुसऱ्या दिवशी तूच मैदानावर आलास. ते नाकारलंस तर ऐकणाऱ्यालाही ते वरवरचं वाटतं आणि तुलाही आतून पटत नाही. मग ज्याला मनातून पटत नाही ते रोज बोलणारा माणूस हळूहळू उलटं मानायला लागतो, की खरं तर सगळं माझंच आहे, हे मी नुसतं चांगलं दिसावं म्हणून बोलतोय. मी हे खूप मुलांमध्ये पाहिलंय. माझ्या मते नम्र माणूस तो, ज्याच्याकडे स्वतःच्या यशाचा हिशोब खरा आहे. माझे कष्ट इतके, दुसऱ्यांचे इतके, आणि जे कोणाच्याच हातात नव्हतं ते इतकं. यातलं काही लपवायचं नाही, काही फुगवायचं नाही.

तो हिशोब आपण मांडून बघू.

तुझा सराव मी पाहिलेला नाही, पण पाच हजारचा सराव कसा होतो ते मला ठाऊक आहे. ट्रॅकवर साडेबारा लॅप, म्हणजे चारशे मीटरच्या साडेबारा फेऱ्या. त्या साडेबारा लॅपसाठी आठवड्यातून एकदा तरी हजार-हजार मीटरचे रिपीट मारावे लागतात, म्हणजे तेच अंतर त्याच वेगात, मध्ये थोडं थांबून, पुन्हा पुन्हा पळायचं, लॅप सत्तर सेकंदांच्या आसपास. ते एकट्याने होत नाही. दोघं-तिघं मिळून पळतात आणि दर दोनशे मीटरला पुढचा बदलतो. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा, वेग धरायचा, घड्याळाकडे लक्ष ठेवायचं. मागच्याने फक्त त्याच्या पाठीला चिकटून राहायचं. चौथ्या-पाचव्या रिपीटला खांदे वर चढतात, मान ताठ होते, श्वास तुटायला लागतो, आणि नेमकी त्या वेळी तुझी पुढे जायची पाळी असते. तेव्हा जो सोबती काही न बोलता आणखी दोनशे मीटर स्वतःच पुढे राहतो, त्याने तुझा तो रिपीट वाचवलेला असतो. असे किती रिपीट तुझ्या मित्राने वाचवले असतील? निकालाच्या कागदावर मात्र एकच नाव येतं. तुझं पदक खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्या वेळेतले काही सेकंद त्याच्या पायांनी कमावलेले आहेत, एवढंच म्हणते. आणि हे त्याला माहीत आहे. तो फोन उचलत नाही याचं एक कारण हेही असेल, की तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस.

आपलं काम आपल्याला जास्त दिसतं, हा माणसाचा स्वभावच आहे. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या कॅनडातल्या संशोधकांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, घरातल्या या-या कामात तुमचा वाटा किती? दोघांची उत्तरं जोडली तर बहुतेक जोडप्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. कोणी मुद्दाम खोटं बोललं नव्हतं. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपल्या डोळ्यांसमोर घडलेलंच नसतं. म्हणून दुसऱ्यांचा वाटा आपोआप आठवेल या भरवशावर राहू नकोस. बसून, वही घेऊन, आठवावा लागतो.

त्यात एक खातं असं आहे जिथे तुझे कष्टही नाहीत आणि कोणाचे उपकारही नाहीत. शरीर. अमेरिका आणि कॅनडातल्या 'हेरिटेज' अभ्यासात घरोघरच्या, व्यायाम न करणाऱ्या माणसांना सारखाच वीस आठवड्यांचा सराव दिला होता. काहींची प्राणवायू वापरण्याची क्षमता भरपूर वाढली, काहींची जवळपास जागची हलली नाही. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा या फरकातला जास्तीत जास्त ४७ टक्क्यांपर्यंतचा वाटा घराण्यातून आलेला असू शकतो असं दिसलं. सारखे कष्ट केले तरी सारखं फळ मिळत नाही. तुझा मित्र कमी पळाला म्हणून मागे राहिला असं तुझ्या मनात कधी आलं असेल, तर हा आकडा डोक्यात ठेव. भरतीच्या दिवशी एखाद्याला नुसता ताप असतो आणि वर्ष जातं.

आता सगळ्यात मोठं खातं, आणि ते सत्काराच्या भाषणात कधीच येत नाही. तुझ्या भागात पावसाळ्यात धो-धो पाऊस, आणि एप्रिल-मे आला की पाण्यासाठी वणवण. तू सकाळ-संध्याकाळ सराव करत होतास तेव्हा घरातलं पाणी कोण आणत होतं? भाताची लावणी, नागलीची कामं, गुरं, सरपण, तुझ्या वाट्याचं हे सगळं कोणी उचललं? सरावाचे तास आकाशातून पडत नाहीत. ते कोणीतरी स्वतःच्या दिवसातून काढून दिलेले असतात. आणि घरात बहीण असेल तर जरा थांबून विचार कर: तिलाही पळायला सोडलं असतं तर? मी हे तुला टोचायला लिहीत नाही. मुलींना मैदानावर आणण्यासाठी मी अनेक घरांच्या ओट्यावर बसले आहे. "मुलगा पळतोय ना, मग हिने तरी घर बघावं," हे वाक्य मला पाठ झालंय. तुझ्या शेजारच्या त्र्यंबक तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे नाव तुलाही ठाऊक असेल. अशा किती जणी हंडा डोक्यावर घेऊन रोज डोंगर चढतात आणि त्यांच्यासाठी कधी कोणी घड्याळ धरलेलं नसतं. तुझ्या यशात तुला मुलगा म्हणून मिळालेली मोकळीकही आहे. ती हिशोबात लिही.

हा हिशोब एकदा खरोखर कागदावर उतरला की 'नम्र कसा राहू' हा प्रश्न बराचसा सुटतो. मुद्दाम मान खाली घालावी लागत नाही.

मग उपकार फेडण्याचं. इथे मी खाशाबा जाधवांची गोष्ट सांगते, कारण ती महाराष्ट्राच्या प्रत्येक खेळाडूला माहीत असायला हवी. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकीनंतर त्यांनी काय केलं बघ. कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. कोणाचे उपकार, किती रुपयांचे, कोणत्या घराचे, हे त्यांना नेमकं माहीत होतं. म्हणून ते फेडता आले. 'सगळ्यांचे आभार' म्हणणाऱ्याला कोणाचंच फेडता येत नाही.

तू तेच कर, तुझ्या ऐपतीप्रमाणे. वहीत नावं लिही आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाने केलेली एक ठरावीक गोष्ट लिही. फ्लेक्सवर ज्यांचे फोटो आहेत त्यांच्यापासून सुरुवात करू नकोस. आश्रमशाळेत सरावाहून उशिरा आलास तरी भाकरी झाकून ठेवणाऱ्या मावशी. पहाटे दव असताना मैदानावर फक्की मारून लेन आखणारा माणूस. सुटे नाहीत म्हणून 'उद्या दे' म्हणणारा एसटीचा कंडक्टर. स्पाइक्स फाटले तेव्हा आपले वापरायला देणारा सीनियर. ज्याचं नाव आठवत नाही त्याचं काम लिहून ठेव, नाव नंतर शोधून काढ.

मग एकेकाकडे जा. मोबाईल खिशात ठेव, स्टेटस नको. स्टेटसला फोटो लागला की आभार त्यांचे राहत नाहीत, ते पाहणाऱ्यांसाठी होतात. आणि बोलताना 'सर, सगळं तुमच्यामुळे' असं म्हणू नकोस. असं म्हण: "सर, आठवीत मला तालुक्याच्या स्पर्धेला तुम्ही स्वतःच्या गाडीवर बसवून नेलं होतं. त्या दिवशी नेलं नसतं तर मी पळायलाच लागलो नसतो." दोन्हींत किती फरक आहे ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल. शिक्षकाला आपण केलेलं काम आठवतंच असं नाही, कारण तो असं रोज करत असतो. त्याचा नेमका कोणता दिवस कामी आला हे त्याला तुझ्याकडूनच कळतं.

हे नुसतं संस्कारांचं बोलणं नाही. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हाच प्रयोग केला होता. ज्याचे नीट आभार मानायचे राहून गेले अशा माणसाला पत्र लिहायचं आणि स्वतः जाऊन हातात द्यायचं. असं करणाऱ्यांच्या समाधानात चांगलीच वाढ झाली आणि ती साधारण महिनाभर टिकली. पुढे ओसरली. एकदा केलेलं पुरत नाही, हाही त्याचाच अर्थ. पळण्यासारखंच आहे, चालू ठेवलं तर टिकतं. मी माझ्या मुलांना सरावाच्या डायरीत एक रकाना ठेवायला लावते. किलोमीटर, वेळ, झोप, आणि शेवटी आज कोणाची मदत झाली. सहसा एका ओळीत होतं. "लाँग रनला दादाने सायकलवरून पाणी दिलं." एवढं पुष्कळ झालं.

एक सावध करते. उपकार मानणं म्हणजे जन्मभर मिंधं होणं नाही. पदक मिळालं की काही माणसं अचानक उगवतात आणि म्हणतात, "याला आम्हीच घडवलं." कोणी बॅनरवर फोटो मागतं, कोणी प्रचाराच्या गाडीत बसवतं, कोणी म्हणतं आमच्याच क्लबकडून पळ नाहीतर बघ. तुझा हिशोब वहीत असेल तर कोणाचं देणं आहे आणि कोणाचं नाही हे तुला स्पष्ट दिसेल. ज्यांचं आहे ते सहसा मागायला येत नाहीत. बाकीच्यांना नमस्कार करायचा, चहा प्यायचा आणि निघायचं. यात उद्धटपणा काही नाही.

सत्कारांचंही ठरवून टाक. आठवड्यातून एक दिवस, दुपारी, सरावाच्या वेळा सोडून. रात्रीच्या कार्यक्रमांना सरळ नाही म्हण. हे मी शिस्तीसाठी सांगत नाही, शरीराचं गणितच तसं आहे. पळणं पूर्ण थांबलं तर दोन-तीन आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची क्षमता सात टक्क्यांच्या आसपास उतरू शकते. रक्तातला पातळ भाग तर त्याआधीच, काही दिवसांतच कमी व्हायला लागतो. तुझ्या पातळीवर पदक आणि दहावा क्रमांक यांच्यात सात टक्क्यांचं अंतरसुद्धा नसतं. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये, हे आपल्या आज्या व्रताच्या कहाण्यांत उगाच म्हणत नसत. वसा टाकला की मग उतणं-मातणं मागून येतंच, कारण करायला दुसरं काही उरत नाही. शालींचा ढीग झाला असेल तर थंडीआधी आश्रमशाळेत देऊन टाक. पेठ-सुरगाण्याची थंडी तुला ठाऊक आहे.

आणि एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण होणार आहे. मिरवणुका संपल्यावर एक दिवस फार रिकामं वाटेल. इतकी वर्षं ज्यासाठी उठत होतास ते झालं, आता कशासाठी उठायचं? २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला नेमबाजीत सुवर्ण जिंकलेल्या अभिनव बिंद्राने अशा पोकळीबद्दल उघडपणे सांगितलं आहे. तेव्हा हे काही तुझं एकट्याचं नसेल, आणि त्याची लाज वाटून घेऊ नकोस. त्या रिकामपणात मुलं पुन्हा टाळ्या शोधायला लागतात, रील टाकतात, जुन्याच पदकाच्या गोष्टी सांगत फिरतात. लोकांना तो गर्व वाटतो. मला बहुतेक वेळा त्यात घाबरलेला मुलगा दिसतो. तसं झालं तर पुढची एखादी छोटी शर्यत ठरव, घरच्यांशी बोल, आणि झोप उडाली, जेवण तुटलं असं काही झालं तर डॉक्टरकडे जा.

मित्राचं शेवटी ठेवलं होतं, कारण ते सगळ्यात नाजूक आहे. फोन करू नकोस, घरी जा. त्याला सल्ला देऊ नकोस. 'पुढच्या वेळी नक्की होईल' असं तर मुळीच म्हणू नकोस, ते तुझ्या हातात नाही. रिपीटचं जे मी वर लिहिलं ते त्याला तुझ्या शब्दांत सांग, एखादा ठरावीक दिवस आठवून. मग विचार, उद्या पळायला येतोस का? आणि आला तर तू पुढे राहा, वारा तू घे. पोलीस भरतीत सोळाशे मीटर असतं. पाच हजारचा धावपटू त्याला तीन-चार महिने वेग धरून देऊ शकतो, याहून चांगली परतफेड मला सुचत नाही. नाही आला तर राग धरू नकोस. त्याला वेळ लागेल, आणि तो वेळ घेण्याचा त्याला हक्क आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा नाव वल्हवणारा खेळाडू दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नावेत तेरावा आला होता, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्ण जिंकला. पळण्यात आपण एकेकटे दिसतो, पण सरावाच्या मैदानावर आपणही त्या चौघांसारखेच असतो.

गावातली पोरं भाषण दे म्हणतात असंही तू लिहिलंयस. भाषण कर, पण 'कष्ट करा, स्वप्नं बघा' यात वेळ घालवू नकोस, ते त्यांनी ऐकलंय. तुला जे माहीत नव्हतं आणि ज्यात तुझे दिवस वाया गेले ते सांग. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत, पण प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्यात चालत नाही. कोणत्या पातळीची स्पर्धा, कितवा क्रमांक, याचे नियम आहेत. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून करून घ्यावी लागते, आणि ती भरतीची जाहिरात येण्याआधीच करून ठेवलेली बरी. तुझी फाइल सोबत ने, कागद हातात घेऊन दाखव. नडगी दुखायला लागली तर किती दिवस थांबायचं ते सांग. पहिल्या वर्षी महागडे बूट घ्यायची गरज नाही हेही सांग, म्हणजे कोणाचा बाप कर्ज काढणार नाही. मग सगळ्यांना मैदानावर घेऊन जा, आठशे मीटर पळव, घड्याळ तू धर आणि प्रत्येकाची वेळ नावासकट वहीत लिही. मुलींना आदल्या दिवशीच घरी जाऊन सांगून ये, नाहीतर त्या वेळी त्या पाण्याला गेलेल्या असतील.